गँगचाळीतलं खोडलेलं नाव

चंदरमामा समोर येईल त्या लोखंडाला आधी काठीनं ठोकायचे. हापसा असो, नाहीतर एसटीचा दांडा. कान देऊन ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "पक्कं हाय," नाहीतर, "हे दगा देणार." छोट्या रेल्वेचे रूळ तपासत चालण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती.

तेर गावाजवळची, रूळ राखणाऱ्या गँगमनची दगडी चाळ पाडणार, असं कळलं. मी चित्रकलेचा मास्तर. नोंद राहावी म्हणून मापं आणि फोटो घ्यायला गेलो. टेपचं दुसरं टोक पूर्वी तिथंच राहिलेल्या मामांनी धरलं. प्रत्येक खोलीत कोण राहायचं, ते सांगत गेले. शेवटच्या कुलूपबंद खोलीपुढून मात्र, "तिथं काय न्हाय," म्हणून त्यांनी मला पुढं काढलं.

ठेकेदारानं संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. तीनलाच जेसीबी पलीकडच्या टोकाला भिडला. जमीन हादरली. मी पिशवी उचलली, तर मामा त्या शेवटच्या दाराशी. दगडानं कुलूप तोडून ते आत शिरले.

भिंतीवर डांबरानं लिहिलेली वीसेक नावं होती. एक छिन्नीनं खोल खरवडलेलं.

"रेल्वेच्या संपात उतरलेल्यांची हायती. फोटो काढा, गुरुजी."

"म्हातारबा, बाहेर या! भिंत अंगावर येईल!" बाहेरून ठेकेदाराचा माणूस ओरडत होता. वरून माती गळत होती. मी घाईनं फोटो काढला. मामा बोट ठेवून एकेक नाव सांगत होते, मी वहीत उतरवत होतो. खरवडलेल्यावर त्यांचं बोट थांबलं नाही. मी 'अस्पष्ट' लिहिलं.

आम्ही बाहेर पडलो आणि थोड्याच वेळात ती भिंत बसली. धुरळा खाली आला. मग मामा म्हणाले, "वाचा."

मी वाचलं.

"अस्पष्ट कसं? माझं नाव हाय ते."

मी वहीतून वर पाहिलं.

"बायकोचे दिवस भरले हुते. सायबानं संप सोडा, न्हायतर खोली खाली करा म्हणून सांगितलं. चौथ्या दिशी म्या कामावर गेलो. शेजारच्या तुकारामानं माझ्यादेखत खोडलं. मरेस्तोवर बोलला न्हाय माझ्याशी."

"राहू द्या ना मामा. आता कुणाला कळणार आहे?"

"म्हणूनच लिवा. चंदर कामावर गेला, म्हणून नाव खोडलं. बरोबर केलं का चूक, ते लिवू नका. ते मला अजून ठरवता आलं न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. वहीत ती ओळ त्यांनी सांगितली तशीच आहे. कुणी विचारलं, तर मी तेवढीच वाचून दाखवतो.