वाडीचा टोल

तुळसामावशी गेल्याचा निरोप एस.टी.च्या कंडक्टरनं सांगलीला आणला. तिच्या पडवीतला टोल कुणीतरी बडवला, रानातली माणसं धावत आली आणि तिला उचललं... एवढंच तो म्हणाला. मी पोचलो तेव्हा राख निवली होती.

तो टोल म्हणजे शाळेच्या घंटेसाठी आणलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. मेढ्याच्या वरच्या डोंगरात आमच्या वाडीला शाळा मंजूर झाली तेव्हा मावशीनंच तो कराडहून एस.टी.च्या टपावर घालून आणला. शाळा तिच्या खटपटीनं आली, म्हणून लोकांनी तिला पंचायत समितीवर पाठवलं. दुष्काळ सरला आणि वरून हुकूम आला : पैसा नाही, वाडीची शाळा किंवा खिंडीपलीकडच्या गावाची, एकच चालेल; कुठली ते सभासदांनी ठरवावं. पलीकडं पोरं जास्त होती. मावशीनं आपल्याच वाडीवर काट मारली.

मी तेव्हा चळवळीत होतो; निषेधाच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन तावातावानं मावशीकडं गेलो. "तू हात वर केलासच का? निवडणार नाही म्हणून उठून यायचंस!"

"आन् मग? दोन्ही गेल्या असत्या. तुज्या पत्रकातनं मास्तरचा पगार निगतोय व्हय रं? भाकरी खा, मग जा छापायला."

मी आजही म्हणतो, ही निवड नव्हतीच. साहेबांच्या जीपला पेट्रोल होतं, बंगल्याला रंग होता; पैसा फक्त डोंगरातल्या पोरांसाठी नव्हता. आणि कात्री दिली ती त्या पोरांच्याच वाडीतल्या बाईच्या हातात, म्हणजे शिव्याही तिनंच खाव्यात!

बंद शाळेतला टोल तिनं पडवीत टांगला. पोरांनी एकत्र निघून खिंड ओलांडावी म्हणून रोज सकाळी वाजवायची. मग ओढ्याला पाणी चढलं, पोरी घरी बसल्या... त्या पुन्हा निघाल्याच नाहीत. हळूहळू पोरंही गळाली. शेजारची हौसाबाई चिडवायची, "आवं आक्का, कुणासाठी बडवताय? आता शेरडं शिकवायची हायत काय?" मावशी हसायची नाही. टोल देऊन उंबऱ्यात उभी राहायची, वाटेकडं बघत.

दहाव्याच्या सकाळी, शाळेच्या वेळेला, मी टोल वाजवला. हात भरून येईस्तोवर वाजवला. एकाही दारातून दप्तर बाहेर आलं नाही. हौसाबाई तेवढी धापा टाकत आली. मागं तिची नात, हातात शेळीचं दावं.

"आता कोन गेलं रं?" तिनं विचारलं.