खिडकीकडे बघणाऱ्या बाई

आमच्या बेसा भागातल्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाई माझ्याकडे कधी रोखून बघत नाहीत. आम्ही दोघं खिडकीकडे तोंड करून बसतो. निळ्या पडद्यातून आलेल्या उजेडात खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटते. मला ऑटिझम आहे, शब्द सापडायला वेळ लागतो. ते वर तरंगत येईपर्यंत बाई थांबतात.

एका दुपारी शब्द आले, "मले जगावंसं नाही वाटून राहिलं."

बाई दचकल्या नाहीत. घरघरणारा पंखा त्यांनी बंद केला.

"बरं झालं गा, सांगितलं. आई बाहेर बसून आहे. तिले आत बोलावू?"

मी "हो" म्हणालो, तेव्हाच त्या उठल्या.

काही दिवस मला एकटं ठेवायचं नाही, असं तिघांनी मिळून ठरवलं. तिथेच, खुर्चीत, मला गाढ झोप लागली.