बसस्टॉपच्या दोन काचा

इंग्लंडात, नॉटिंगहॅमला आमच्या भागात एक छोटी समिती आहे. शाळकरी पोरांनी काही उद्योग केला, की प्रकरण कोर्टात पाठवायचं की बाहेरच मिटवायचं, हे ती ठरवते. पोलिस, सोशल वर्कर आणि माझ्यासारखे दोन स्वयंसेवक. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर मी तिथे जायला लागले, ते मुख्यतः भांडायला. एकाच खोडीसाठी गोरं पोर समज मिळून घरी जातं आणि काळं पोर कोर्टात, हे मी दर मीटिंगला ऐकवायचे. माझ्या तोंडी लागायला फारसं कोणी धजत नसे.

एका दुपारी पंधरा वर्षांच्या एका काळ्या मुलीची फाइल आली. तिने बसस्टॉपची काच फोडली होती आणि तसं कबूलही केलं होतं. पुढे तिला नर्स व्हायचं होतं. कोर्टाची नोंद झाली असती तर तीच आडवी आली असती.

माझं मत कोर्टाकडे झुकलं होतं. बोलण्याआधी, अशा प्रकरणात पूर्वी काय केलं होतं ते पाहायला मी वही मागे उलटली. गेल्या हिवाळ्यात एक गोरी मुलगी आली होती. वय तेच, बसस्टॉपची काचच फोडलेली. तिचं प्रकरण आम्ही बाहेरच मिटवलं होतं.

नोट्स मी मराठीत काढते, म्हणजे शेजारच्याला वाचता येत नाहीत. तिच्या पानावर होतं, ‘बिचारी पोर. घरी कटकटी. रागाच्या भरात झालं.’ आजच्या पानावर होतं, ‘बाई तापट दिसते. घरी कटकटी.’

अक्षर माझंच. इंग्रजांवर ढकलायलाही जागा नव्हती. मला भयंकर लाज वाटली.

मी दोन्ही पानं इंग्रजीत वाचून दाखवली. जिच्याशी माझं नेहमी वाजायचं ती पोलिस अधिकारी म्हणाली, “माझ्या नोट्स काढून बघायची मला भीती वाटते.”

काळ्या मुलीचं प्रकरणही पहिलीसारखंच कोर्टाबाहेर मिटवलं. चार शनिवार नगरपालिकेच्या माणसांबरोबर बसस्टॉप धुवायचे, बस. तेव्हापासून आम्ही प्रत्येक निर्णयाआधी तसंच जुनं प्रकरण काढून शेजारी ठेवतो. वेळ लागतो, कुरकुर होते, पण मला त्या दुपारी आवडू लागल्या आहेत.

मुलगी आईबरोबर सही करायला आली. सही झाल्यावर तिने आईची बाही ओढून हळूच विचारलं, “आता चिप्स घ्यायचे का?”

मी वही उघडली, ‘बाई’ खोडलं आणि वर ‘पोर’ लिहिलं.