अक्काचं बारकं

फोन आला तेव्हा मी लाकडाच्या वखारीत सुताराशी हुज्जत घालत होतो. त्यानं पिशवीत भरून दिलेला भुसा बारीक होता आणि मला रंधा मारल्यावर निघतो तसा लांब, मऊ किस हवा होता. रंग लागलेला नको, पॉलिशचा नको, धूळ तर मुळीच नको. "सर, कुणाची गादी भरायचीय का काय?" सुतारानं विचारलं. खरं उत्तर द्यायची मला लाज वाटत होती. तेवढ्यात शेजारच्या सुमनवहिनींचा फोन... "सर, आसाल तसं या. अक्का बोलंनात. कप हातात हाय आन् बोलंनात." मी पिशवी तिथंच टाकून निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो आणि किस भरून घेतला. का, ते मला आजही सांगता येणार नाही. रिकाम्या हातानं गेलो तर अक्का पुन्हा पाठवील, एवढंच डोक्यात होतं. घरी पोचलो तेव्हा अक्का पिंजऱ्यासमोरच्या खुर्चीत बसलेली होती, मान एका बाजूला कललेली. डॉक्टरांनी येऊन तिची नाडी पाहिली आणि हात हळूच तिच्या मांडीवर ठेवला. या गोष्टीला आता सात आठवडे होतील. माणूस गेल्यावर त्याच्यावरचा राग निवतो असं मला बरेच जण सांगून गेले. माझा निवलेला नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव शेळगाव. आता तिथं आमच्या वाट्याच्या रानात ऊस उभा असतो, पण वडिलांच्या हयातीत घरात मेंढरं होती आणि मेंढरांमागे अक्का होती. मला शाळेत घालता आलं ते ती मेंढरांमागे होती म्हणून. हे मी कधी विसरलो नाही आणि तिनं कधी बोलून दाखवलं नाही. त्यामुळेच तिचा कुठलाही हुकूम मोडायची माझी छाती होत नसे. चौतीस वर्षं मी बारामतीत नववी-दहावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलं आणि अक्का माझ्याच घरात बसून मला सांगायची, "जनावरातलं तुला काय कळतंय?" लग्न होऊन ती बावड्याला गेली, पुढं दाजी गेले, मूलबाळ नव्हतं. माझी बायको वारली त्या वर्षी ती एक ट्रंक घेऊन माझ्याकडे राहायला आली. "तुला च्या करता येत न्हाय," एवढंच कारण तिनं दिलं. चहा मला उत्तम करता येतो.

गेल्या डिसेंबरात माझा मुलगा आणि सून नोकरीसाठी परदेशी गेले. जायच्या आठच दिवस आधी त्यांनी माझ्या नातीला, इराला, तिनं रडू नये म्हणून उंदरासारखा एक पाळीव हॅमस्टर घेऊन दिला होता. ज्यांना घर आवरून देश सोडायचा आहे ती शिकलेली माणसं आठ दिवसांसाठी प्राणी का विकत घेतात, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. बुटक्या जातीचा, अंगठ्याएवढा, करडा, पाठीवर काळी रेघ. त्याला बरोबर नेता येणार नाही हे त्यांना नंतर कळलं. मग पिंजरा, फिरायचं चाक, उलटी टांगायची पाण्याची बाटली आणि दुकानदारानं दिलेलं चार पानी माहितीपत्रक, असा सगळा संसार आमच्या घरी आला. मी त्यांच्या बॅगा गाडीत चढवत होतो तोवर इरा ओसरीवर अक्काला काय काय सांगत बसली होती. इरानं त्याचं नाव किवी ठेवलं होतं. अक्का त्याला बारकं म्हणायला लागली आणि माझ्या घरातली शांतता संपली.

माहितीपत्रक मी दोनदा वाचून काढलं. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. अक्कानं ते पिंजऱ्याखाली अंथरलं. तिसऱ्याच दिवशी मी बाजारातून आलो तर तिनं हळद आणि कडुलिंबाचा पाला वाटायला घेतलेला. "बारक्याचं गालफाड सुजलंय. मेंढराला घटसर्प हुतो तसं दिसतंय." मी म्हटलं, "अक्का, त्याच्या गालात पिशव्या असतात, दाणे साठवायला. असं या कागदात लिहिलंय." ती म्हणाली, "कागदानं कधी घटसर्प बघितलाय व्हय?" आणि लेप लावायला तिनं त्याला उचललं, तर त्यानं तिच्या तळहातावर एकामागून एक सात शेंगदाणे काढून ठेवले. शेंगदाणे मुळीच द्यायचे नाहीत असं मी बजावलं होतं. अक्कानं दाण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शानं हाय. तुझ्यावानी समदं एकदम खात न्हाय."

पण खरा कहर तिनं आठवडाभरानं केला. मी अंघोळीहून बाहेर आलो तर ही बाई कोमट पाण्याच्या टोपात त्याला बुचकळत होती. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायची, हे तिच्या हाडात मुरलेलं. हॅमस्टरला पाणी लावायचं नसतं, त्याला वाटीत कोरडी वाळू ठेवायची असते, तो त्यात आपला आपण लोळतो... हे मी तिला निदान चार वेळा सांगितलं होतं. मी ओरडलो. तिनं त्याला बाहेर काढलं, पुसलं, पण थंडी कडक होती. थोड्या वेळानं ते पाय ताठ करून पडलं. मी हात लावला, गार. "झालं तुझ्या मनासारखं!" मी म्हणालो. इराला काय सांगायचं, ते मी मनात जुळवायला लागलो होतो. अक्का मात्र उठली. घोंगडीचा एक तुकडा तिनं ट्रंकेत जपून ठेवलेला असायचा, तो काढला, बारक्याला त्यात गुंडाळून गळ्याशी, पदराच्या आत धरलं आणि अंगणात उन्हाला जाऊन बसली. आत बोटानं त्याची छाती चोळत राहिली. जन्मतःच गारठलेली कितीतरी कोकरं तिनं अशीच परत आणली होती. दीड-दोन तासांनी तिनं मला हाक मारली. पदरातून एक ओली मिशी बाहेर आली होती. "जा, दाणं आण," ती म्हणाली. मी निमूटपणे शेंगदाणे आणून दिले. त्यानंतर माहितीपत्रकाचा विषय मी घरात काढला नाही.

त्याच दुपारी, पिंजरा उचलून आत नेताना, ती उंबऱ्यातच थांबली आणि चौकट धरून उभी राहिली. ओठ निळसर दिसले. "काय न्हाय, दम लागला," म्हणाली. मी तिला ओढतच डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप नीट मिटत नाही, पुण्याला जाऊन ऑपरेशन करावं लागेल, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. अक्का सगळं ऐकून घेत होती. घरी आल्यावर तिनं बारक्याला हातावर घेतलं, पोटाखालून बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "मला जमायचं न्हाय. बारकं गाभण हाय."

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर मी वेडा ठरेन. गाभण मेंढी ज्यानं पहिल्यांदा ओळखली, त्यानंच तिचं कोकरू हातात घ्यायचं, आणि तोवर मेंढरांचा तळ सोडून कुठंही जायचं नाही, असा वडिलांचा नेम होता. लग्न असो, मयत असो. सासरीही अक्कानं तो सोडला नाही. माझ्या साखरपुड्याला माझी सख्खी बहीण आली नव्हती, कारण बावड्यात एक मेंढी अडली होती. त्यामुळे ती गाभण म्हणाली की विषय संपला, हे माझ्याही हाडात मुरलेलं. तरी मी म्हटलं, "एकटंच आहे, गाभण कसं राहील?" "दुकानातनंच राहून आलं आसंल." मी हिशेब केला. या प्राण्याला जेमतेम तीन आठवडे लागतात, म्हणजे फार तर आठ दिवसांचा प्रश्न. पोटही चांगलं सुटलं होतं... शेंगदाण्यांनी, हे आता कळतं. मी पुण्याला फोन करून तारीख पुढं ढकलली.

आठ दिवस गेले. काही नाही. "थंडीनं लांबतंय," अक्का म्हणाली. अजून चार दिवस गेले. "पहिलटकरीण हाय, धीर धर की जरा." मला विज्ञान माहीत होतं. दिवस उलटून गेलेत, आता काही होणं शक्य नाही, हे मला दहावीच्या पोराइतकं स्वच्छ कळत होतं. पण तिच्याशी वाद घालायचा म्हणजे भिंतीशी बोलायचं. एके दिवशी मी वैतागून म्हणालो, "कर तुला काय करायचं ते! तुझं काळीज, तुझं तू बघ." त्यावर ती हसली होती. ते वाक्य मला परत घेता येत नाही.

त्या शेवटच्या सकाळी तिनं नवीनच काढलं, "बिछाना खरखरीत हाय, त्येला टोचतुया. मऊ किस आण." मी चपला घातल्या आणि सांगितलं, "आणतो. पण सोमवारची तारीख मी पक्की करतोय. हे व्यालं तरी आणि नाही व्यालं तरी." अक्का खुर्चीत बसून चहा ओतत होती. "बरं," म्हणाली. आयुष्यात ती मला कधी बरं म्हणाली नव्हती. माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण मी गेटपाशी पोचलो होतो.

तेराव्याला इराचा व्हिडिओ कॉल आला. ती रडत होती, मग तिनं किवीला बघायला मागितलं. मी सहज म्हणालो, "तुझ्या किवीला पिल्लं होणार म्हणून अक्काआजी थांबली होती गं." इरानं डोळे पुसले. "आजोबा, पण तो मुलगा आहे. दुकानातल्या काकांनी दाखवलेलं. मी अक्काआजीला पण सांगितलं ना, आम्ही निघालो त्या दिवशी. तिनं उचलून बघितलं आणि म्हणाली, व्हय गं, पोरगाच हाय." फोन ठेवल्यावर मी चष्मा लावला आणि बारक्याला उलटं करून पाहिलं. तो मला कडकडून चावला. चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माणसानं एवढे दिवस एकदाही हे केलं नव्हतं. का करीन? जनावरातलं अक्काला कळतं, हे मी लहानपणापासून धरून चाललो होतो.

मला संताप येतो तो याचाच. तिला भीती वाटत होती. दाजींना असंच पुण्याला नेलं होतं आणि ते परत आले ते बंद गाडीतून. तेव्हा अक्का त्यांच्या उशाशी बसून बावड्यापर्यंत आली होती. हे मला ठाऊक होतं आणि मला ते एकदाही आठवलं नाही. पण तिनंही बोलायला नको का? लांडग्यामागे काठी घेऊन धावलेली बाई, तिला "मला भ्या वाटतंय" एवढे तीन शब्द म्हणता येईनात. ती म्हणाली असती तर मी तिच्याबरोबर ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो असतो, आत सोडलं असतं तर आतही. त्याऐवजी तिनं एका नराला गाभण ठरवलं आणि मी, शहाणा, तिला तारखा मोजून देत बसलो.

बावड्याहून तिचा पुतण्या तिचे कपडे न्यायला येणार होता, म्हणून गेल्या रविवारी मी तिची खोली आवरायला घेतली. खाटेखाली, भिंतीशी सरकवलेली एक कापडी पिशवी सापडली. आत दोन धुतलेली लुगडी, फणी, मिश्रीची डबी आणि दवाखान्याची फाईल. ती फाईल अक्का गेली त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर होती. तेव्हा मीच तिच्यातला पुण्याचा नंबर शोधला होता. फाईलखाली पुरचुंडीत मूठभर बाजरी. आणि सगळ्यात खाली, मी इतकी वर्षं शाळेत न्यायचो तो माझा स्टीलचा डबा. त्याच्या झाकणाला तिनं खिळ्यानं भोकं पाडली होती. चार ओळी, अगदी सरळ. बारक्याला घालून ती पुण्याला, त्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात, माझ्या जेवणाच्या डब्यातून नेणार होती! मी रिकाम्या खोलीत मोठमोठ्यानं ओरडलो. इतका चांगला डबा. विचारायचं तरी होतंस. दुकानात प्लॅस्टिकचा मिळतो, मी आणून दिला असता... बराच वेळ बोलत होतो. ती यायला निघाली होती आणि तेवढंही तिनं मला सांगितलं नाही. मग मी झाकण उलटं केलं. खिळा ठोकला की पत्र्याला आतून धारदार कडा येतात. तिनं त्या एकूण एक ठोकून बसवल्या होत्या आणि वर कानशीनं घासल्या होत्या. मी एकेका भोकावरून बोट फिरवलं. कुठंही टोचलं नाही.