आईनं घासलेलं पदक

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात शिरीष खांबेटेला ओळखणारी पंधरा-वीस मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्यात त्याची ओळख एकच, बिल्लेवाला. आइंडहोवनजवळच्या मोठ्या कंपनीत वीस वर्षं काढली, हुद्दाही चांगला मिळवला, पण ते कोण सांगतंय! गणपतीच्या जेवणाला कुणी नवीन आलं की कोपरखळी ठरलेली, "यांच्याकडे एकदा जाऊन या हो, जर्मन कैसरची अर्धी पलटण यांच्या कपाटात राहते." मग शिरीषची कळी खुलायची आणि समोरच्याचं जेवण थंड व्हायचं.

हे वेड लागलं ते एका वर्षी इथल्या राजाच्या वाढदिवसाला. त्या दिवशी इथे रस्तोरस्ती लोक घरातलं जुनंपानं मांडून बसतात. एका बाईच्या बिस्किटाच्या डब्यात त्याला जर्मन सैनिकाचा बिल्ला सापडला, आणि झालं! तिथून पदकांवर, पदकांवरून लिलावांवर. पहिल्या महायुद्धानंतरचं काही घ्यायचं नाही, नाझी काळातली चीज फुकट मिळाली तरी घरात आणायची नाही, हा त्याचा पहिला नेम. दुसरा नेम याहून कडक होता. पदक घासायचं नाही, पुसायचं नाही, उघड्या बोटांनी धरायचंसुद्धा नाही. शंभर वर्षांत चढलेला काळेपणा हाच त्याचा खरेपणा. तो गेला की पदक गेलं. त्याची बायको मृदुला त्या कपाटाची नुसती काच पुसायची, तीही जीव मुठीत धरून.

आता एवढा कडक नेम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायला नको? पण आपल्या आईला तो सांगायला विसरला.

वृंदाताई पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, बोटं संधिवातानं वाकडी, पण हात रिकामा म्हणून बसायचा नाही. एकदा कपाटासमोर उभ्या राहून त्यांनी एका पदकाकडे बोट केलं. काळा लोखंडी क्रूस, भोवती चांदीची कड.

"हे कुणाचं रे?"

"एकोणीसशे चौदाचा आयर्न क्रॉस आहे आई, पहिल्या वर्गाचा. कड बघ, एकाच तुकड्याची आहे."

"ते झालं. पण कुणाचं?"

शिरीषनं हातमोजे घालून ते उलटं केलं. मागे खिळ्यानं कोरल्यासारखं नाव होतं, ओ. लेन्झ.

"ओ म्हणजे काय?"

"ओटो असेल, ऑस्कर असेल. कुणाला माहीत?"

"लग्न झालं होतं का त्याचं? परत आला का घरी?"

शिरीष हसला. "अगं, ते कुठे लिहिलेलं असतं का?" एवढं बोलून तो मीटिंगला बसला. सहा वर्षं ते पदक त्याच्याकडे होतं आणि हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

दसरा आला. खंडेनवमीला त्यांच्या पुण्याच्या घरी शस्त्रं पुजतात. शस्त्रं म्हणजे आपली विळी, सुरी, आजोबांची करवत, वडिलांचा स्क्रूड्रायव्हर. सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. शिरीष संध्याकाळी घरी आला तेव्हा देव्हाऱ्यापुढे पाट मांडलेला होता. त्यावर त्याचा लॅपटॉप होता, सायकलची किल्ली होती, मृदुलाच्या सुऱ्या होत्या, आणि मधोमध ओ. लेन्झचं पदक होतं. आरशासारखं लखलखीत! काळ्याचा ठिपकासुद्धा उरला नव्हता. चिंच, मीठ, पुण्याहून आणलेली रांगोळी आणि तारेची घासणी, सगळी विद्या त्यावर खर्ची पडली होती. वर कुंकवाचं बोट.

"बघ," आई कौतुकानं म्हणाल्या, "बिचाऱ्याचं कसं काळंठिक्कर पडलं होतं."

शिरीषचा आवाज चढला. इतका चढला की वरच्या खोलीतून त्याची लेक जुई खाली धावत आली. "तुला काय कळतं त्यातलं? विचारल्याशिवाय हात का लावलास? कशालाही हात लावू नकोस या घरात!"

बोलायचं ते बोलून तो बाहेर निघून गेला. कालव्याच्या कडेनं सायकल मारून तासाभरानं परतला, तोवर पाट उचललेला होता.

आई चिडल्या नाहीत. रडल्याही नाहीत. पण त्यानंतरचे पाच आठवडे त्या घरात त्या पाहुण्यासारख्या राहिल्या. पाण्याचा पेला घ्यायचा तर म्हणायच्या, "हात लावू का?" खिडकीचा पडदा सारायचा तर, "हात लावू का?" स्वतःच्या पोराच्या घरात! टोमणा म्हणावा तर तसा सूरही नाही. खरंच विचारायच्या. मृदुलाला ते बघवेना. ती नवऱ्याला म्हणाली, "दोन शब्द बोल त्यांच्याशी." तो म्हणाला, "बोलतो गं, सवडीनं."

सवडीनं काय केलं, तर ते पदक लिलावात काढलं. उट्रेख्त शहराजवळच्या एका गावात जुन्या दूधडेअरीच्या शेडमध्ये हे लिलाव भरतात. तिथला वाउटर हा लांब, टकला माणूस शिरीषला दहा वर्षं ओळखतो. त्यानं पदक भिंगाखाली धरलं आणि कपाळाला हात लावला.

"कुणी केलं हे?"

"माझ्या आईनं," शिरीष म्हणाला, आणि पुढची कथा त्यानं रंगवून सांगितली. चिंच, रांगोळी, कुंकू, सगळं. भोवती जमलेले पाच-सहा जण पोट धरधरून हसले. त्यांच्याबरोबर शिरीषही हसला.

हे हसणं पुढे त्याला छळत राहिलं. आई नोव्हेंबरात परत गेल्या आणि फेब्रुवारीत एका सकाळी चहा ठेवता ठेवता पुण्याच्या स्वयंपाकघरात कोसळल्या. हा विमानानं पोचला तोवर सगळं उरकलं होतं. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. दोन शब्द बोलायचे राहिले ते राहिले.

त्यानंतर दोन वर्षं शिरीषनं एकही पदक घेतलं नाही. लिलावाच्या याद्या यायच्या, तो न उघडता ठेवून द्यायचा. परवाच्या एप्रिलमध्ये कंटाळून एक उघडली. दोनशे चौदाव्या नंबरला एका आयर्न क्रॉसच्या मागच्या बाजूचा फोटो होता. ओ. लेन्झ.

त्यानं ते नाव पुन्हा वाचलं. आईच्या हाताचं या घरात काय उरलं होतं? लोणच्याची बरणी संपली, विणलेली टोपी धुण्यात आटली. हे एक होतं, तिच्या बोटांनी उजळलेलं, आणि ते त्यानं हसत हसत विकून टाकलं होतं. ते परत मिळालं पाहिजे. दुसरं काही त्याला सुचेना. फोटोखाली 'स्थिती उत्तम' असं लिहिलेलं होतं. एरवी नवख्यांना असल्या एकेका शब्दावर हटकणारा हा माणूस ते वाचून नुसता पुढे गेला.

त्यानं रजा टाकली. शेडमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसला. दोनशे चौदा पुकारला तसा त्याचा हात वर गेला आणि वरच राहिला. मागे एक तरुण बोली चढवत गेला, हाही चढवत गेला. लोक माना वळवून बघायला लागले, खांबेटेला झालंय काय? अखेर तो तरुण खांदे उडवून खाली बसला. हातोडा पडला. शिरीषच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते त्यानं रुमालानं टिपलं.

वाउटरनं पाकीट त्याच्या हातात दिलं. शिरीषनं पदक बाहेर काढून उताणं केलं.

काळं. अगदी शंभर वर्षांचं असावं तसं काळं.

"ओळखू येत नाही ना?" वाउटर खुशीत होता. "माझ्या एका मित्राचं काम. तीन महिने घेतले त्यानं. तुझ्या आईनं केलेलं सगळं निस्तरलं बघ."

शिरीषनं पदक पाकिटात घातलं. "छान," म्हणाला, आणि बाहेर पडला. स्टेशनवर त्याच्यासमोरून दोन गाड्या गेल्या तरी तो बाकावर बसूनच होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी मृदुला खाली आली तर हा बेसिनपाशी बाह्या सरसावून उभा. पुढ्यात चिंचेचा कोळ, मीठ, देव्हाऱ्याखालच्या डब्यातली रांगोळी, तारेची घासणी. हातमोजे नाहीत, काही नाही. उघड्या बोटांनी पदक धरून खसाखसा घासत होता. काळा रंग पोपडे धरून पाण्यात वाहत होता.

"अरे, काय करतोयस?"

"निघतंय बघ. निघतंय."

रंग निघाला खरा. पण खालचं लोखंड करडं होतं, बारीक खड्ड्यांनी भरलेलं. नवा काळेपणा देणाऱ्यानं आधी ते कुठल्या तरी आम्लानं झिजवलं असणार. शिरीषनं पुन्हा चिंच लावली, पुन्हा घासलं. बोटाचं साल निघालं. चमक काही येईना.

"आईच्या हातानं लगेच कसं चमकलं मग?" तो चिडून म्हणाला.

मृदुलानं त्याच्या हातातली घासणी काढून घेतली. मग म्हणाली, "लगेच नाही रे. तीन दुपारी घासत होत्या त्या. तू ऑफिसला गेलास की बसायच्या. बोटं दुखायची, तर गरम पाण्यात बुडवून पुन्हा घासायच्या. मी म्हटलं, आई, राहू द्या, त्याला नाही आवडायचं. तर म्हणाल्या, या शिपायाच्या आईनं बघितलं असतं तर तिनं असंच घासून ठेवलं असतं. आता तीही नाही, तोही नाही. कुणीतरी करायला हवं."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू ऐकायला थांबला होतास का?"

शिरीषनं नळ बंद केला. पदक कोरडं केलं आणि देव्हाऱ्यापाशी गेला. तिथे बाजूला आईंचा फोटो होता, आणि फोटोपुढे त्यांनी इथेच ठेवून दिलेला त्यांचा चांदीचा कुंकवाचा करंडा. दोन वर्षं तो कुणी उघडला नव्हता. करडं, खडबडीत पदक त्यानं फोटोपुढे ठेवलं. करंड्याकडे हात नेला आणि तो मध्येच थांबला.

"आई," त्यानं विचारलं, "हात लावू का?"

मागे मृदुला तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरून उभी होती. शिरीष हात तसाच पुढे ठेवून किती तरी वेळ थांबून राहिला.