गुग्गुळाचा डिंक

गॅलरीत गुग्गुळाचा वास दरवळला आणि मला ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं तो उन्हाळा आठवला. बाबा दरबारच्या औषधी बागेचे वैद्य होते. बागेवर आलेल्या नव्या सरकारी साहेबांनी गुग्गुळाच्या झुडपांना खोल चिरा पाडायला लावल्या, आणि कधी नव्हे इतका डिंक पाझरला.

"क्या बरकत है!" साहेब खूश झाले.

बाबा मात्र गुपचूप फांद्या छाटून ओल्या गोणपाटात गुंडाळत होते. मला म्हणाले, "मरायच्या आधी झाड असंच भरभरून देतं. आत्ताच कलमं करायला हवीत."

वर्षभरात बाग वाळली. आमच्या कुंडीतलं झुडूप त्याच कलमांच्या वंशातलं.

"आई, चाकूनं चीर दिली तर बघा, कित्ती डिंक आलाय!" सून कौतुकानं म्हणाली.

मी कात्री शोधायला उठले.