मुळे सरांचे बारा वेढे

देव, भूत आणि सोसायटीचा चेअरमन, या तिघांवरही माझा विश्वास नाही. पहिले दोघं कधी दिसले नाहीत म्हणून, आणि तिसरा रोज दिसतो म्हणून. औरंगपुऱ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपाची तांब्याची तार उपसायची, नवी भरायची... तीस वर्षं हेच करतोय. ज्याला वेढे मोजता येतात त्याला भुतं दिसत नाहीत, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. या सदरातले अनुभव वाचून हसलोय, संपादकांना दोनदा खरमरीत पत्रंही लिहिली आहेत. आता हे छापा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या हकिकतीतला माणूस वारलेला आहे. 'आणि मग कळलं की तो तर...' असा शेवटच्या ओळीत फटाका लावणाऱ्यांचा मला संताप येतो. मुळे सर वारले, आणि वारल्यानंतर पंधराव्या दिवशी ते माझ्या गच्चीवर येऊन काम करून गेले. झालं सांगून. आता नीट ऐका.

मला हॅम रेडिओचा नाद आहे. म्हणजे सरकारचा परवाना काढून घरातल्या रेडिओवरून जगभर बोलायचं. हा नाद मुळे सरांनी लावला. पॉलिटेक्निकमधून रिटायर होऊन ते हर्सूलला, तलावाच्या अलीकडं राहायचे. भर मे महिन्यातही गळ्यात मफलर. परीक्षेसाठी मला त्यांनी दोन वर्षं रोज संध्याकाळी शिकवलं, आणि एकदाही चहा प्यायल्याशिवाय जाऊ दिलं नाही. माझे वडील मेंढरांमागं फिरले, मला इंग्रजी पुस्तक बघितलं की घाम फुटायचा. तरी त्यांनी मला 'भगवानराव' सोडून दुसरी हाक मारली नाही. हे सगळं मला मान्य आहे. पुढचं मात्र मान्य नाही.

उस्मानपुऱ्यात आमची तीन मजली इमारत. मी तळमजल्यावर, माझा अँटेना गच्चीवर. दहा मीटरचा उभा पाइप, त्याच्या बुडाशी प्लास्टिकचा डबा, डब्यातून गच्चीवर चार दिशांना पसरलेल्या चार तारा. त्याच डब्यातून केबल निघते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या विमलकाकूंच्या खिडकीला घासून खाली माझ्या खोलीत येते. अँटेना उभा केला त्या दिवशी सर मदतीला होते. तेव्हाच म्हणाले, "भगवानराव, डब्यात चोक घाला."

चोक म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रेडिओची शक्ती केबलच्या आतून वर जायला पाहिजे. पण वर पोचली की ती केबलच्या बाहेरच्या अंगावरून परत खाली उतरते, आणि वाटेत कुणाचा टीव्ही लागला तर त्यात शिरते. ती अडवायला फेराइटच्या काळ्या रिंगेवर केबलचेच बारा वेढे घालायचे. एवढंच. मी म्हणालो, उभ्या अँटेनाला बालन, म्हणजे केबल आणि अँटेनाच्या मधला ट्रान्सफॉर्मर, लागत नाही, पुस्तकात लिहिलंय. सर म्हणाले, "बालन नको, ते बरोबर. चोक हवाच. चार तारा कमी पडतात, त्यामुळे तुमची केबल पाचवी तार व्हायला बघते." मी म्हणालो, बघू. आणि बघितलं नाही.

दर रविवारी सकाळी सातला आम्ही मराठवाड्यातले बाराजण एका फ्रिक्वेन्सीवर जमतो. हजेरी होते, कुणाचा सिग्नल कसा येतोय ते सांगायचं असतं. तेव्हा हजेरी सर घ्यायचे. एका रविवारी माझी पाळी आली, आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, "भगवानराव, शेजारीपाजारी तक्रार करतात म्हणे. दिवसभर लोकांच्या मोटारींना वेढे घालता, स्वतःच्या केबलला बारा वेढे घालायला हात दुखतात का?"

आणि लोक हसले. रेडिओवर सगळ्यांना एकदम हसता येत नाही, एकानं बटण सोडलं की दुसरा दाबतो. त्यामुळे मला एकेकाचं हसू वेगवेगळं ऐकावं लागलं. मी सेट बंद केला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून बाहेर पडलो, सरांचा नंबर ब्लॉक केला. दोन वर्षं त्यांचं तोंड बघितलं नाही. मी भगवान आहे, पण माफ करणारा नाही.

चोक तर आता मेलो तरी घालणार नव्हतो. घातला असता तर सर बरोबर ठरले असते. एकटाच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलत बसायचो, आणि विमलकाकू जिना उतरून भांडायला यायच्या. "वो भगवान, तुमचं ते बदक पुन्यांदा आलं आमच्या टीव्हीत. मालिकेतली सून बोलाय लागली की क्वॅक क्वॅक." तहसील कचेरीत पस्तीस वर्षं काढलेली बाई. तारीख आणि वेळ टाकून वहीच ठेवली होती त्यांनी माझ्या नावाची. वही चेअरमनकडं गेली, आणि चेअरमननं नोटीस लावली: रविवारच्या मीटिंगपर्यंत हा त्रास थांबला नाही तर पाइप उतरवण्यात येईल. माझा पाइप. मी चेअरमनला जे बोललो ते छापू नका.

त्या आठवड्यातल्या सोमवारी काकू भांडून गेल्या. बुधवारी मी मुद्दाम तासभर बोललो. काकू आल्या नाहीत. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा मी टोमणा मारला, "काय काकू, टीव्ही विकला का?"

"विकू कशाला? तुमच्या सरांनी नीट केलं की मंगळवारीच. ते मफलरवाले. लई भला माणूस बघा. तुमच्यावानी नाय."

काकूंकडून गच्चीची किल्ली घेऊन मी तसाच वर गेलो. डब्याचे चार स्क्रू काढले. दिवाळीत हाच डबा मी स्वतः साफ केला होता, तेव्हा तो रिकामा होता. आता आत चोक होता. काळी रिंग, एका बाजूनं सहा वेढे, मग केबल रिंगेच्या मधून पलीकडं नेऊन दुसऱ्या बाजूनं सहा. मेणाच्या काळ्या दोऱ्यानं आवळलेला, गाठ आतल्या अंगाला. मोटार भरणाऱ्याला दुसऱ्याचा हात ओळखू येतो. हा हात सरांचा होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

माझं डोकंच फिरलं. माझ्या माघारी, माझ्या गच्चीवर, माझ्या डब्यात हात घालायची हिंमत कशी झाली? दोन वर्षं मी जे घालणार नाही म्हणून बसलो होतो, ते यांनी गुपचूप घालून ठेवलं. स्कूटर काढली आणि हर्सूलची वाट धरली. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं. दार सरांच्या पत्नीनं उघडलं, त्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो. मी चप्पलही काढली नाही. "सर कुठंयत? बाहेर बोलवा त्यांना. माझ्या परवानगीशिवाय—"

वहिनींनी दार पूर्ण उघडलं. समोर टेबलावर फोटो होता, मफलरसकट. हार सुकलेला.

"आज अठरा दिवस झाले," त्या म्हणाल्या. "सगळे येऊन गेले. तुम्हीच नाही आलात, भगवानराव. ग्रुपवर कळवलं होतं."

ग्रुपवर. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. शेवटचे दोन महिने सर अंथरुणाला खिळले होते, उजवा हात गेला होता, हेही वहिनींनीच सांगितलं. मला सरांचा राग आला, ग्रुपवाल्यांचा आला, कुणी घरी येऊन का सांगितलं नाही म्हणून आला. आणि स्वतःचा इतका आला की स्कूटर सुरू करायला तीनदा किक मारावी लागली.

घरी येऊन काकूंना गाठलं. आवाज चढवूनच विचारलं, नक्की काय बघितलं ते सांगा. काकूंनी वही काढली. मंगळवार, अकरा दहा: सर आले. अकरा चाळीस: आवाज बंद.

"गच्चीची किल्ली मागितली, दिली. खांद्याला पिशवी व्हती. म्हणले, काकू, तुम्ही टीव्ही लावून बसा, मी इचारीन तसं सांगा. पैलं नाय का, गच्चीवर अँटेना फिरवायचा अन् खाली बघायचं, तसं. मंग टीव्हीतूनच आवाज आला त्यांचा. 'काकू, आता येतंय का?' मी खिडकीतून वर ओरडले, येतंय!"

"टीव्हीतून?"

"व्हय. पाच-सात बारी इचारलं. 'आता? आता येतंय का?' दर बारीला आवाज बारीक झाला. शेवटाला 'आ—' एवढंच आलं अन् गेला. मी म्हणले, गेला हो आवाज."

मी विचारलं, "बदकासारखा येत होता?"

"नाय बा. तुमचा येतो बदकावानी. त्यांचा साफ. हितं बसून बोलल्यावानी."

माझ्या अंगावर काटा आला तो इथं, आधी नाही. कारण आमच्या पद्धतीचे सेट टीव्हीत शिरले की आवाजाचं बदक होतंच. शब्द ओळखू येत नाहीत, हे कुठल्याही हॅमला विचारा. बरं, माझा सेट खोलीत कुलपात होता, बायको शाळेत शिकवायला गेलेली, मी दुकानात. बोलायला तिथं काही नव्हतंच.

काकूंना मी शेवटचं विचारलं, माझ्यासाठी काही निरोप?

"मी इचारलं ना, भगवानला काय सांगू. तर किल्ली देत म्हणले, सांगायची गरज नाही. तो डबा उघडेल. रागानं उघडेल, पण उघडेल."

जन्मात पहिल्यांदा सरांनी मला 'तो' म्हटलं होतं.

मी हातावर हात ठेवून बसणारा नाही. ग्रुपमध्ये परत गेलो, एकेकाला फोन करून विचारलं, तुमच्यापैकी कुणी ही चेष्टा केली का. एकानंही केली नव्हती. शनिवारी काकूंना टीव्हीसमोर बसवलं आणि चोक दोन्ही टोकांना सोडवून केबल थेट जोडली. मी बोललो, बदक आलं. मग सेटची वायर भिंतीतून उपटून अर्धा तास गप्प बसलो. काकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "काय नाय." आणखी अर्धा तास बसलो. मला भांडण पुरं करायचं होतं, दुसरं काही नको होतं. अंधार पडायच्या आत चोक परत जागेवर बसवला. गाठ सोडली नाही.

रविवारच्या मीटिंगमध्ये काकूंनीच उभं राहून सांगितलं की आता त्रास नाही. पाइप राहिला. चेअरमनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला मजा आली नाही.

खुलासा विचाराल तर माझ्याकडं नाही. तुमच्याकडं असेल तर कळवा, पण काकूंना वेडं ठरवणारा नको, ती बाई माझ्यापेक्षा शहाणी आहे.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी सातला मी दोन वर्षांनी हजेरीला गेलो. आता हजेरी जालन्याचे डॉक्टर घेतात. म्हणाले, "भगवानराव! लई दिवसांनी. सिग्नल एकदम स्वच्छ आहे. घातला वाटतं शेवटी चोक?"

"घातलाय."

"स्वतः भरला का?"

हो म्हणायला काही हरकत नव्हती, कुणी गच्चीवर चढून बघणार नव्हतं. पण याच फ्रिक्वेन्सीवर, याच लोकांसमोर सर मला बोलले होते. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "मुळे सरांनी भरला. त्यांचंच बरोबर होतं."

मग डॉक्टरांनी विचारलं, "कधी?"

मी वार सांगितला, तारीख सांगितली, अकरा दहा ते अकरा चाळीस सांगितलं, आणि बटण सोडलं. सगळे ऐकत होते. एकही हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.